वाकलेली दांडी : बेस गिटारीत दडलेल्या एका सळईचा इतिहास

गेल्या जुलैत वसतिगृहातील एका मित्राने आपली बेस गिटार माझ्यासमोर आडवी धरली आणि नेम धरावा तसा एक डोळा मिटून तिच्या दांडीकडे पाहावयास सांगितले. मधोमध खोलगटपणा स्पष्ट दिसत होता. तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या होत्या की बाराव्या पडद्यावर दाबताना बोटे दुखून येत. एका दुकानदाराने ‘लाकूड गेले, नवी घ्या’ असा निकाल दिला होता. तो निकाल चुकीचा होता. का, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जाऊन अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कलामाझू शहर गाठावे लागते. त्यासाठी हा थ्रेड.

(दांडी आणि पडदे हे शब्द मी सितारीकडून उसने घेतले आहेत. गिटारवादक त्यांना नेक आणि फ्रेट म्हणतात.)

आधी प्रश्न नीट पाहू. बेसच्या चार तारा मिळून दांडीला साधारण सत्तर-ऐंशी किलोंच्या भाराने ओढतात. म्हणजे एक प्रौढ मनुष्य त्या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजा. त्यात बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच. फेंडरच्या साध्या गिटारीत ती साडेपंचवीस. दांडी जितकी लांब, तितकी ती वाकण्यास अधिक तयार.

आतड्याच्या तारांच्या काळात हे संकट एवढे तीव्र नव्हते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन गिटारीचे वेड पसरले आणि पोलादी तारांची मागणी वाढली. पोलादाचा आवाज मोठा, आणि ताणही मोठा. कारागिरांपुढे सोपा उपाय एकच होता : दांडी जाड करणे. पण जाड दांडीवर डाव्या हाताची मूठ नीट बसत नाही.

गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी यावर काढलेल्या तोडग्यास १९२३ मध्ये पेटंट मिळाले. दांडीच्या आत खोबण करून त्यात एक पोलादी सळई बसवायची आणि तिच्या टोकाला नट ठेवायचा. नट आवळला की सळई ताणली जाते आणि तारांच्या ओढीविरुद्ध दांडीला मागे रेटते. तिचे नाव ट्रस रॉड. ट्रस म्हणजे आपल्याकडील छपराची कैची. ताणलेल्या भागाने भार तोलण्याची कल्पना बांधकामातलीच आहे.

माझ्या मते येथे एक मोठा बदल घडला, आणि तो पुरेसा नोंदला जात नाही. तोपर्यंत दांडी कारागीर एकदाच सरळ करीत असे. पुढे ती वाकली तर दोष लाकडाचा किंवा नशिबाचा. मॅकह्यूंच्या नटाने वाकण्याला ‘दुरुस्त करण्याजोगी गोष्ट’ बनवले. दांडी सरळ असणे ही अवस्था न राहता देखभाल झाली.

सळईचे महत्त्व किती, हे दुसऱ्या महायुद्धाने अनायासे सिद्ध केले. धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि गिब्सनच्या अनेक गिटारी सळईविना बाहेर पडू लागल्या. त्या काळी कलामाझूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. त्यांच्या हातून घडलेल्या त्या गिटारींच्या दांड्या लगेच ओळखू येतात : मुठीत मावेनात इतक्या जाड. सळई गेली, आणि जुना उपाय निमूटपणे परतला.

मार्टिन कंपनीचा मार्ग निराळा. तिने १९३४ पासून दांडीत न फिरणारी पोलादी पट्टी घातली, आणि फिरवता येणारी सळई स्वीकारायला १९८५ उजाडले. मधल्या काळात मार्टिनची दांडी वाकली तर कारागीर सगळे पडदे उपटत आणि किंचित रुंद मुळाचे पडदे ठोकत. पडद्यांची ती मुळे पाचरीसारखी लाकडात घुसून दांडीला मागे ढकलीत. उपाय देखणा खरा. पण वादकाच्या हातातला नव्हे.

आता बेसकडे. कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. मेपलचे कठीण लाकूड पुरेसे आहे, सळईची गरज नाही, असे त्यांचे मत होते. १९५० मधील पहिल्या एस्क्वायर गिटारी म्हणूनच सळईविना निघाल्या. विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडल यांना हे पटेना. माल परत आला तर ऐकून त्यांना घ्यावे लागणार होते! अखेर त्याच वर्षी सळई आली. मॅकह्यूंच्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत तोवर संपलेली होती.

फेंडरने दांडीच्या पाठीमागून बाकदार खोबण केली, सळई घातली आणि वरून अक्रोडाच्या लाकडाची काळपट पट्टी बसवली. हिला वादक ‘स्कंक स्ट्राइप’ म्हणतात. त्या प्राण्याचा पट्टा पांढरा असतो, ही पट्टी काळी. पण टोपणनावांना तर्क कुठे लागतो? १९५१ साली प्रिसिजन बेस आली ती याच रचनेची. नट मात्र दांडीच्या धडाकडील टोकाला, म्हणजे नीट फिरवायचा तर चार स्क्रू सैल करून दांडी उचलावी लागे. बरेच वादक त्या वाटेला जातच नसत.

यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेम्स जेमर्सन यांचे. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत त्यांची १९६२ ची प्रिसिजन वाजते. तारा जाड, आणि तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत असा खाक्या. ती बेस दाबून वाजवणे अशक्य आहे, असे इतर वादक सांगत. दांडी वाकली असावी, असा तर्क त्यावरूनच केला जातो. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी ती चोरीस गेली. तपासणार कोण?

जुन्या रिकेनबॅकरचा इशारा येथेच देतो. तिच्यात दोन दुहेरी सळया असतात. तिची दांडी आधी हाताने मागे वाकवून धरायची आणि मग नट आवळून ती स्थिती कायम करायची. नुसत्या नटाच्या जोरावर दांडी सरळ करायला गेलात तर वरची पट्टी उखडून हाती येते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळाच विचार पुढे आला : दांडी वाकणारच नाही असे का करू नये? अंतराळ उद्योगातून आलेल्या जेफ गुल्ड यांच्या मॉड्युलस कंपनीने ग्राफाइटच्या दांड्या केल्या. गंमत अशी की पुढे त्याच दांड्यांत सळई घालावी लागली. कारण तार कंप पावताना मध्यभागी सर्वांत रुंद हेलकावते, आणि दांडी अगदी सपाट असेल तर ती पडद्यांवर खडखडते. दांडीला थोडा बाक हवाच असतो.

तो किती? पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून धरा, आणि आठव्या पडद्याशी तारेखालची फट पाहा. बेससाठी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, पुरे. मित्राच्या बेसमध्ये तेथे एक रुपयाचे नाणे सरकत होते.

तिचा नट सुदैवाने माथ्याकडे होता. तारा सैल केल्या, अ‍ॅलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि रात्रभर तशीच ठेवली. लाकूड हलायला वेळ घेते. दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. तिसऱ्या दिवशी फटीत नाणे जाईना, कार्ड मात्र अलगद गेले. डिसेंबरात हवा कोरडी झाली आणि तारा खडखडू लागल्या, तेव्हा तोच नट किंचित सैल केला.