पाहुणे शिकारी : नांदेड व लातूर परिसरातील

शिकारीसाठी बाहेरून येणारी व्यक्ती आणि ज्या गावाच्या शिवारात ती उतरते ते गाव, यांच्यातील संबंध हा मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग होय. ‘बाहेरचा’ या शब्दाचा अर्थ येथे अनेकदा बदलला आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे हैदराबादचा उमराव हा येथे राज्यकर्त्यांपैकी एक असे, तर इंग्रज लष्करी अधिकारी संस्थानाबाहेरचा पण संस्थानाच्या सत्तेहून बलिष्ठ असा पाहुणा असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबादचा शिकारी एका दिवसात परराज्यातील ठरला. गावकऱ्यांच्या वागणुकीत मात्र या सीमारेषेने फारसा फरक पडलेला दिसत नाही. पाहुणा कोठला आहे यापेक्षा त्याला गावाने बोलावले की तो गावावर येऊन पडला, हाच भेद त्यांच्या लेखी महत्त्वाचा होता.

शिकारीच्या दृष्टीने या परिसराचे दोन भाग पडतात. लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर या बाजूस बालाघाटाचे पठार व काळ्या मातीची मोकळी राने आहेत. तेथील सावज म्हणजे काळवीट, ससा, तितर व लावा. पैनगंगेकाठचा किनवट-माहूरचा डोंगराळ भाग सागवानी अरण्याचा असून तेथे वाघ, बिबळ्या, अस्वल, सांबर व रानडुक्कर आढळत. किनवट हा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, हे जुनी कागदपत्रे वाचताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

लोकस्मृतीत आदराने टिकून राहिलेला या भूमीतील पाहुणा शिकारी एकच, तो म्हणजे गुरू गोविंदसिंग. १७०८ मध्ये ते नांदेड येथे आले व त्याच वर्षी तेथे त्यांचे निर्वाण झाले. त्यांच्या येथील शिकारीची आठवण नांदेडजवळील शिकारघाट गुरुद्वाऱ्याच्या नावात राहिली आहे. गुरूंच्या हातून मरण पावलेल्या सशाला, म्हणजे पूर्वजन्मीच्या एका भक्ताला, येथे मुक्ती मिळाली, असे शीख परंपरा सांगते. येथे शिकारीचे रूपांतर उद्धारात झाले आहे. नंतरच्या एकाही शिकाऱ्याच्या वाट्याला असा मान आला नाही.

एकोणिसाव्या शतकात शिकारी पाहुण्यांचा ओघ वाढला, त्याचे मुख्य कारण हैदराबाद कंटिंजंट हे सैन्य. निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या या फौजेच्या छावण्या हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे होत्या. एक छावणी नांदेडच्या, तर दुसरी लातूरच्या जवळची. सुटीच्या दिवसांत अधिकाऱ्यांचे तंबू आसपासच्या रानांत पडत. या फौजेत नोकरी केलेल्या आर्. जी. बर्टन यांनी दख्खनच्या शिकारीवर व वन्य जीवनावर १९२८ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी निजामाच्या सेवेत असलेल्या व नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर यांच्या आत्मचरित्रातही (१८७७) शिकारीच्या हकीकती येतात. या वाङ्मयात गावकरी दिसतो तो वाटाड्या, हाकेकरी किंवा भित्रा खेडूत म्हणून. त्याची बाजू मुख्यतः त्याच्या मौनातूनच ताडावी लागते.

हे मौन सकारण होते. साहेबाचा किंवा जहागीरदाराचा तळ पडला की रसद पुरविण्याची जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांवर येई. दूध, कोंबड्या, अंडी, सरपण, वैरण, बैलगाड्या हे सर्व गावातून गोळा होई. ओझी वाहणे, निरोप नेणे, वाट दाखविणे ही कामे प्रामुख्याने महारांकडे असत आणि ती वेठबिगारीतच मोडत. मोबदला दिला जाई तेव्हाही तो शिपाई व गावकामगार यांच्या हातांतून खाली झिरपत येई. वाटेत किती अडकत असेल, हे सांगण्यास साक्षीदाराची गरज नाही. त्यामुळे वाघाने जनावर मारल्याची खबर छावणीपर्यंत न जाऊ देणे, हा गावाचा स्वसंरक्षणाचा सोपा उपाय ठरला. गावकरी खबर देत नाहीत, चुकीची वाट दाखवितात, अशी तक्रार इंग्रजांच्या शिकारवाङ्मयात वारंवार आढळते. तिचे खापर अंधश्रद्धेवर किंवा आळसावर फोडले जाई. वास्तविक, वाघ एक गाय नेई, तर तळ संपूर्ण गाव राबवी. हा हिशेब खेडुताला उत्तम कळत होता.

उलट, वाघ गुरांवर सोकावला किंवा माणसावर उलटला की हेच गाव शिकाऱ्याकडे धाव घेई. मग खबर आपण होऊन पोहोचे आणि हाक्यासाठी माणसे न बोलावता जमत. आमिष म्हणून रेडा बांधणे, गारा झाल्यावर, म्हणजे वाघाने तो मारल्यावर, मचाण उभारणे, वाघ जेथे विसावला असेल त्या नाल्याची नाकेबंदी करणे, दुपारच्या उन्हात ढोल व डबे वाजवीत त्याला मचाणाकडे रेटणे, ही सर्व कामे स्थानिकांची. माग काढण्याचे खरे कसबही त्यांचेच. इंग्रज लेखक ‘शिकारी’ हा शब्द अशा स्थानिक मागकाढ्यासाठीच वापरीत, हे मोठे बोलके आहे. हाक्यातील माणसाच्या हातात काठी किंवा कुऱ्हाड असे आणि जखमी वाघाचा पहिला तडाखा बहुधा त्यालाच बसे. सावज पडल्यानंतर कातडे व डोके पाहुण्याचे. नखे, मिशा व चरबी यांवर मात्र गावाचा डोळा असे. नख मुलाच्या गळ्यात बांधावयाचे, चरबी सांधेदुखीवर चोळावयाची, अशी समजूत होती. कातडे सोलून होईपर्यंत मिशा नाहीशा होत, याबद्दल साहेबलोक फार चिडत.

काळवीट, रानडुक्कर यांच्या बाबतीत गाव अधिक मोकळेपणाने वागे. ज्वारी, हरभरा फस्त करणारे कळप कोणी मारले तर शेतकऱ्याला ते हवेच असे. मांसाचा वाटा मिळाल्यास तक्रार उरत नसे. पण उभ्या पिकातून घोडे घालणाऱ्यांविषयी राग राही. या शिवारांतील मूळचा शिकारी म्हणजे फासेपारधी. त्याची फासे लावण्याची पद्धत बंदूकधाऱ्यांनी हीन मानली.

किनवटच्या अरण्यात गोंड, कोलाम, प्रधान, आंध या जमातींची वस्ती आहे. त्यांचा रानाशी असलेला संबंध पाहुण्याच्या छंदापेक्षा वेगळा होता. वन राखीव झाले, झूम शेतीवर व स्वतःच्या शिकारीवर निर्बंध आले, पण परवानाधारकाला त्याच रानात प्रवेश राहिला. आदिलाबाद जिल्ह्यात १९४० मध्ये कुमराम भीमू याच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला, त्यामागे जमीन व वनखात्याचा जाच ही कारणे होती. उठावानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेनडोर्फ यांच्याकडून या जमातींची पाहणी करविली. वनाधिकाऱ्यांच्या वेठीचा व लाचेचा प्रश्न या पाहणीमुळे सरकारदरबारी पोहोचला. शिकारीची वेठ ही या मोठ्या जाचाचीच एक शाखा होती.

१९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या आणि तळाचा जुना थाट ओसरला. त्याची जागा जीपगाडी व प्रकाशझोत यांनी घेतली. रात्री येऊन पहाटेपूर्वी परतणाऱ्या या शिकाऱ्याला गावाची रसद लागत नसे, हाकाही लागत नसे. त्याच्याकडून वेठ नव्हती, तसा वाटाही नव्हता. उघड्या माळावरील काळविटांची संख्या या काळात झपाट्याने घटली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने छंद म्हणून केली जाणारी शिकार हळूहळू संपविली. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेल्या वाटाही बहुतांशी बुजल्या. पैनगंगा अभयारण्य (१९९६) झाले ते याच नदीकाठच्या रानात.

तरीही पाहुणा शिकारी पुन्हा आला, आणि तो शासनाच्या बोलावण्यावरून. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ (अवनी) या वाघिणीने १३ जणांचे बळी घेतल्याचे वनविभागाचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविषयीच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हैदराबादचे शिकारी शफात अली खान यांना मोहिमेत बोलावण्यात आले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ त्यांचे पुत्र असगर अली खान यांच्या गोळीने वाघीण मरण पावली. मुंबई-दिल्लीत निषेध झाला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धतीवर ताशेरे ओढले गेले. त्या भागातील गावांत मात्र फटाके वाजले व मिठाई वाटली गेली. कित्येक महिने शेतावर एकट्याने जाणे बंद झालेल्या लोकांचा हा आनंद होता. शिकाऱ्याला वाघिणीची चांदीची प्रतिमा भेट दिल्याचा मुद्दा पुढे सर्वोच्च न्यायालयातील अवमान याचिकेत मांडण्यात आला. सत्कारात गावकऱ्यांचा वाटा किती व अधिकाऱ्यांचा किती, यावर तेथे प्रश्न निघाले. २०२१ मध्ये ती याचिका मागे घेण्यात आली.