शिंदे सरकारांची बोट

१४. शिंदे सरकारांची बोट : लेखकाने ओट्यावरच्या गप्पांत हिचा ओझरता उल्लेख केला आहे, पण ती थांबून सांगण्याजोगी आहे. मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ही प्रवासी आगबोट १८९१ पासून व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशा फेऱ्या करी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कितीतरी प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या. ही मात्र डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. हिंदी सैनिकांसाठी तिचे तरते इस्पितळ झाले आणि जानेवारी १९१५ मध्ये नाव पडले ‘लॉयल्टी’. खानदेशातल्या शिरपुरावरून जाणारा आग्रा रोडच पुढे ग्वाल्हेरला पोहोचतो, तेव्हा शिंदे सरकार इथल्या माणसांना परके नव्हते.

अशा बोटीतून मुंबई बंदरात उतरलेल्या शिरपूरच्या शिपायाचा प्रवास मात्र तिथे संपत नसे. शिरपूरला रेल्वे नव्हती. तापी व्हॅली रेल्वेच्या गाडीने नरडाण्याला उतरायचे, मग बैलगाडीने तापी ओलांडायची. जखमी माणसासाठी हा शेवटचा टप्पा फार कठीण, आणि त्याची नोंद युद्धाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

युद्ध संपताच उद्योगपती वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ही बोट विकत घेतली. त्यांच्या ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ या कंपनीचे नाव शिंद्यांवरूनच आले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो याच तारखेला. १९२३ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. — संपा.