उंडवडी गवळ्याची : घाट चढून गेल्यावरचा मुक्काम

१/ आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी वरवंडहून निघते, पाटस मागे टाकते आणि रोटी घाटाच्या पायथ्याशी येते. येथे रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. घाट चढून गेल्यावर मुक्काम पडतो तो बारामती तालुक्यातील एका लहानशा गावी : उंडवडी गवळ्याची. या गावाचा इतिहास समजून घेण्यासाठी आधी हा घाट समजून घ्यावा लागतो.

२/ रोटीचा डोंगर फार उंच नाही, पण तो जलविभाजक आहे. त्याच्या उत्तरेचे पाणी भीमेकडे जाते, दक्षिणेचे कऱ्हेकडे. कऱ्हा पुढे नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे भीमेला. माथ्यावर दुभंगलेले पाणी पंढरपूरच्या अलीकडे पुन्हा एक होते.

३/ पालखीही याच पाण्याच्या दिशेने जाते. कऱ्हाकाठी बारामती, मग काटेवाडी, सणसर, इंदापूर, सराटीला नीरास्नान आणि अखेर चंद्रभागा, म्हणजे भीमाच. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते.

४/ या मुलखातील सुपे आणि इंदापूर ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार भेटतात. पुणे व सुपे हे भोसल्यांच्या जहागिरीचे परगणे, तर इंदापूर मालोजीराजांच्या अखेरच्या लढाईशी जोडलेले. उंडवडी मात्र या पुस्तकांत शोधूनही क्वचितच सापडेल.

५/ तिचा इतिहास नावात आहे. या तालुक्यात उंडवडी सुपे आहे, उंडवडी कडेपठार आहे आणि उंडवडी गवळ्याची. पहिले नाव परगण्याची आठवण देते, दुसरे जमिनीच्या ठेवणीची, तिसरे गुरे राखणाऱ्यांची. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या माळरानावर शेतीइतकाच पशुपालनाचाही आधार होता.

६/ तीच खूण पुढे काटेवाडीत दिसते. तेथे परीट समाज पालखीसमोर धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. बेलवाडीला अश्वांचे रिंगण होते. मेंढ्यांचा मान मात्र काटेवाडीचा.

७/ १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि तालुक्याचे दोन भाग पडले. कालव्याखाली ऊस आला. कालव्याचे पाणी उताराने वाहते. वरच्या अंगाला असलेली उंडवडी जिरायती पट्ट्यातच राहिली. दुष्काळी वर्षांत जेथे गावाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एका रात्रीसाठी हजारो वारकऱ्यांच्या पाण्याची सोय करावी लागते. ही ओढ पावसाच्या तोंडावरची, म्हणजे सर्वांत कठीण दिवसांतली.

८/ नोव्हेंबर २०२१ मध्ये पाटस ते तोंडले-बोंडले या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवण्यात आली. रस्ता रुंदावला की गावाकडे बघण्याची सवड कमी होते. वाहनाला तर रोटी घाट जाणवतही नाही.

९/ म्हणून बारामतीला जाताना एकदा घाटमाथ्यावर थांबावे. एका बाजूला भीमेचे खोरे, दुसऱ्या बाजूला कऱ्हेचे. जहागिरीच्या कागदांत क्वचित येणाऱ्या या माळावरच्या माणसांनी आपली नोंद दरवर्षी आषाढाच्या तोंडावर, पाहुण्यांना पाणी देऊन केली आहे.