पुढचा ब्रेक

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील!’ दुचाकी शिकताना हे वाक्य ऐकले नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. काका, मामा किंवा थोरला भाऊ मागे बसून हे बजावत असतो. मी तीस वर्षे मोटारसायकल चालवली आणि त्यांतली निम्मी वर्षे इतरांना ती सुरक्षितपणे चालवायला शिकवली. या काळात मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते या एका वाक्याशी.

ते मुळात मूर्खपणाचे नव्हते. साठच्या दशकात बजाजने इटलीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७२ मध्ये चेतक आली. दोन पिढ्या याच स्कूटरवर शिकल्या. चाके लहान, ब्रेक ड्रमचे, इंजिनाचे वजन मागे, रस्त्यावर खडी आणि वाळू. अशा वेळी वळणावर पुढचे चाक अडले की गाडी घसरायचीच. पायाखालचा मागचा ब्रेक भरवशाचा वाटायचा. अनुभवातून सल्ला तयार झाला आणि घराघरांत रुजला.

पुढे गाड्या बदलल्या. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले, मग पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आले. सल्ला मात्र चेतकच्या काळातलाच राहिला.

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. मागचाच जोरात दाबला, तर हलके झालेले चाक जाम होऊन फरपटते. मैदानावर मी खडूने रेघ आखून हे दाखवत असे. वेग तोच, पण नुसत्या मागच्या ब्रेकने गाडी थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागते. पाहणाऱ्यांचे चेहरे तिथेच बदलत.

हा दोष केवळ आपला नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्यांच्या अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. संकटाच्या क्षणी बहुतेक चालक मागचा ब्रेक करकचून दाबतात आणि पुढच्याचा पुरेसा उपयोग करत नाहीत. आणि अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

आपल्याकडे लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायचा असतो. त्यात तोल कळतो. पण हँडल वळलेले असताना, संथ वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी कलंडते. म्हणजे परीक्षेच्या तयारीतही भीती पक्कीच होते. अचानक समोर कोणी आले तर काय करायचे, हे आठ काढून कळत नाही.

शेवटी यंत्रानेच माणसाच्या सवयीशी जुळवून घेतले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. लहान गाड्यांना निदान जोड-ब्रेक आले. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो.

तरीही २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ होती. प्रत्येक मृत्यू ब्रेकमुळे नव्हे, हे खरे. हेल्मेट, वेग, खड्डे ही कारणे आहेतच. पण थांबायला चार हात कमी लागले असते तर वाचले असते, असेही त्यांत असणार.

घरी शिकवणारे काका-मामा यापुढेही असणारच. त्यांनी एवढेच सांगावे : गाडी सरळ ठेव, दोन्ही ब्रेक एकदम लाव, पुढचा आधी हलका आणि मग घट्ट. आणि हे मोकळ्या मैदानावर पुन्हा पुन्हा करून घ्यावे. वेळ आली की हात विचार करत नाही, सवयीचेच करतो.