काळारामाचे चार दरवाजे

देवळाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे ते कोणी बांधले, कळस केव्हा चढला, वर्गणी किती जमली, एवढेच बहुधा लिहिले जाते. दारातून परत कोणाला पाठविले, हा मजकूर सहसा गळतो. नाशिकच्या काळारामाच्या बाबतीत तो गाळून चालत नाही.

पंचवटीतील हे काळ्या पाषाणाचे भव्य मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधविले. दि. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजाची हजारोंची मिरवणूक तेथे पोहोचली. दरवाजे बंद होते. मंडळी शिस्तीने गोदातीरी गेली, तेथे सभा भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून १२५ पुरुष व २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांशी जाऊन बसली. व्यवस्था पाहणारे प्रमुख कार्यकर्ते होते दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड.

सुमारे महिनाभर दरवाजे बंदच राहिले. दुसऱ्याला दर्शन घडू नये म्हणून नित्याच्या भाविकांनीही आपले दर्शन सोडावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एकेकटा भाविक देवासाठी येतो. जमाव झाला की त्याला देवापेक्षा उंबरठ्याची राखण मोठी वाटू लागते. त्यात सगळे दुष्टच होते असे म्हणता येणार नाही. आपल्या आळीत, आपल्या पंक्तीत नाव खाली जाईल ही भीती पुष्कळदा द्वेषाहून बळकट असते.

बाहेर बसलेल्यांत नेमके उलटे घडत होते. एकटा माणूस दारातून परत फिरला की त्याला ते आपले नशीब वाटे. शेकडो जण एकत्र बसले तेव्हा दिसले की हे नशीब नव्हे, माणसांनी आतून लावलेली कडी आहे. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ दोन्ही पक्षांनी मिळून ओढावा असे ठरले होते. पण सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पुढे नेण्यात आला. दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही दुखापत झाली. तरी लढा मोडला नाही. तो पुढे काही वर्षे चालला.

दार मात्र उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्रातून स्पष्टच कळविले की, आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा सत्याग्रह नव्हता. त्यांच्यात चेतना यावी, आपली स्थिती त्यांना उमगावी, यासाठी होता. दि. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातच, येवल्यास, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्यांना रामाच्या दारी यावयाचे होते त्यांनी ते दारच सोडले, याचा हिशेब आतल्यांनी फार उशिरा मांडला.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले झाले, व त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. दादासाहेब गायकवाडांनी पुढे १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले. या वेळी मागणी दर्शनाची नव्हती, कसावयास जमीन मिळावी अशी होती.