चाकाचे दात आणि मढचा खारा वारा

पावसाळा सरला की मढच्या बंगल्यांतल्या स्पोर्ट्‌स कार ताडपत्रीखालून बाहेर निघतात. त्यांतल्या एखादीच्या डॅशबोर्डवर हमखास पिवळा दिवा लागलेला असतो: घसरणारी गाडी, मागे नागमोडी रेघा. सोबत बहुधा ‘एबीएस’चाही दिवा. गाडी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात जाते आणि मालक ब्रेकचा संगणक बदलण्याचा, काळजात धडकी भरवणारा खर्चाचा अंदाज घेऊन परत येतो. माझे म्हणणे असे, की हा दिवा संगणकाबद्दल क्वचितच बोलतो. तो बहुतेक वेळा चाकाबद्दल बोलतो, आणि त्याचे कारण या यंत्रणेच्या इतिहासात आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी आठवा. चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि चाक जाम होते आहे की नाही याची खबर फक्त ड्रायव्हरच्या तळपायाला. जाम झालेले चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. गाडी आपली सरळ घसरत जाते. म्हणून ओल्या रस्त्यावर जुने टॅक्सीवाले ब्रेक दाबून धरत नसत. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. हे पायातले ज्ञान यंत्रात उतरले ते आधी विमानांसाठी. डनलप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ हे यांत्रिक साधन विमानाचे चाक जाम होऊ देत नसे. 1966 मध्ये तेच ‘जेन्सन एफएफ’ या इंग्रजी गाडीत आले. पुढे 1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस बाजारात आणले. तेव्हापासून प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जाऊ लागले.

मोजण्याची रीत तशी साधी. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला सेन्सर बसतो. दात समोरून गेला की वीज किंचित हलते, आणि संगणक ती स्पंदने मोजतो. नव्या गाड्यांत दात गेले; बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी आली. तत्त्व तेच.

1995 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेत ‘ईएसपी’ आले. फेऱ्यांच्या मोजणीला आता स्टिअरिंगचा कोन, गाडीची स्वतःभोवतीची गिरकी आणि बाजूचा रेटा यांच्या मोजण्या मिळाल्या. ड्रायव्हरला जायचे कुठे आणि गाडी चालली कुठे, यांत तफावत दिसली की संगणक एकाच चाकाला ब्रेक लावून गाडीचे तोंड वळवतो. ही चैन आहे असे पुष्कळांना वाटे. 1997 मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने घेतलेल्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या अडथळ्याला वळसा घालताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि कंपनीला त्या मॉडेलमध्ये ईएसपी सरसकट द्यावे लागले. ‘ऑडी टीटी’ या देखण्या स्पोर्ट्‌स कारचे वेगातले अपघात झाल्यावर 2000 च्या सुमारास विकलेल्या गाड्या परत बोलावून तिच्यात ईएसपी आणि मागचा छोटा पंख बसवला गेला. इतके सगळे उभे आहे ते चाकाजवळच्या त्या मिलिमीटरभर फटीवर.

मढमध्ये त्या फटीत मीठ शिरते.

याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. तिथे थंडीत रस्त्यावरचे बर्फ वितळवायला मीठ टाकतात. अशा राज्यांतले लाखो पिकअप ट्रक 2005 मध्ये जनरल मोटर्सने परत बोलावले. (1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढणारी हीच कंपनी.) सेन्सर जिथे बसतो तिथे गंज धरला, गंज फुगला आणि त्याने सेन्सर कड्यापासून दूर ढकलला. अंतर वाढल्यावर कमी वेगातली क्षीण स्पंदने लागेनाशी झाली. संगणकाला वाटले चाक जाम झाले, म्हणून त्याने ब्रेक सैल केला. आणि गाडी थांबण्याच्या शेवटच्या काही फुटांत पुढे सरकू लागली. मढच्या कोळीवाड्यात, जिथे रस्त्याच्या कडेला मासळी सुकते आणि पोरे खेळतात, तिथे हे काही फूट फार झाले. दिवा लागला तर बरे म्हणायचे: सेन्सर साफ बंद पडल्याचे कळले की संगणक एबीएस आणि ईएसपी मिटवून टाकतो, साधा ब्रेक शाबूत राहतो. दिवा लागलेला नसताना पेडल थरथरले, तर जास्त भ्यावे.

म्हणून शोध स्वस्त गोष्टींपासून सुरू करावा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. तेवढ्यानेही हे दिवे पेटतात. पेडलजवळचा ब्रेक-लाइटचा स्विच बिघडला तरी तेच. मग स्कॅनर लावून गाडी सावकाश चालवावी आणि चारी चाकांचे आकडे शेजारी शेजारी पाहावे. थांबता थांबता जे चाक इतरांच्या आधी शून्यावर येते, ते उघडावे. सेन्सर काढून त्याची बैठक घासावी, जोडणीत हिरवट चढलेले तांबे पाहावे, वळताना ताणली जाणारी वायर बोटांनी चाचपावी. बेअरिंग नुकते बदलले असेल तर ते उलटे तर बसले नाही? चुंबकी पट्टी दुसऱ्या बाजूला गेली की नवाकोरा सेन्सरही आंधळा. एकच टायर वेगळ्या मापाचा असला तरी हिशेब चुकतो. चाकांचे अलाइनमेंट केले असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचे शून्य पुन्हा बसवावे लागते. ते अनेक ठिकाणी विसरले जाते. एवढे झाल्यावरच संगणकाकडे बोट दाखवावे. स्कॅनरचा कोड चाकाचे नाव सांगतो, दोषी भागाचे नाही, हा फरक बिलाच्या आकड्यात फार मोठा होतो.

हा प्रश्न आता बंगल्यांपुरता राहिलेला नाही. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले. वर्सोव्याहून मढला येणाऱ्या होडीत रोज ज्या मोटरसायकली चढतात, त्यांतल्या नव्या गाड्यांच्या पुढच्या चाकालाही तसेच कडे आहे, आणि खाडीचे पाणी त्याच्यावर दिवसातून दोनदा उडते.