सँड्रिच, मार्क

(२६ ऑक्टोबर १९००–४ मार्च १९४५). अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक. संगीतप्रधान विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध. जन्म न्यूयॉर्क येथे. कोलंबिया विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये शिरला तो सेटवरचे सामान सांभाळणारा म्हणून. पुढे विनोदी लघुपट करता करता दिग्दर्शनात त्याचा जम बसला. ‘सो धिस इज हॅरिस!’ (१९३३) या त्याच्या लघुपटाला ऑस्कर मिळाले.

फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स या जोडीचे ‘द गे डिव्होर्सी’ (१९३४), ‘टॉप हॅट’ (१९३५), ‘फॉलो द फ्लीट’ (१९३६), ‘शॅल वी डान्स’ (१९३७) व ‘केअरफ्री’ (१९३८) असे पाच चित्रपट त्याने आरकेओ कंपनीसाठी केले. पहिल्यातील ‘द काँटिनेंटल’ हे गीत गीतलेखनाचे ऑस्कर मिळवणारे पहिलेच. पाचांत ‘टॉप हॅट’ सरस. त्याची कथा म्हणजे ओळखीचा साधा घोळ : नायकाला नायिका मैत्रिणीचा नवरा समजते. पण हॉटेलातला सुरुवातीचा प्रसंग पाहावा. वरच्या खोलीत नायक पायाने ताल धरतो; खाली झोपलेली नायिका जागी होऊन तक्रार घेऊन वर येते. ती परत गेल्यावर तो जमिनीवर वाळू पसरतो आणि तिला पुन्हा झोप लागावी म्हणून हलक्या पावलांनी नाचतो. भांडण, विनोद आणि प्रेमाची सुरुवात एवढे सगळे नाचातच उरकते. त्यासाठी वेगळे संवाद लागत नाहीत. गाण्यासाठी कथा थांबवायची नाही, हे सँड्रिचला नेमके कळले होते. याच चित्रपटात रॉजर्सने शहामृगाच्या पिसांचा झगा घालण्याचा हट्ट धरला. नाचताना पिसे सेटभर उडू लागली, अस्टेअर वैतागला. पण झगा राहिला आणि नृत्यही गाजले.

‘केअरफ्री’ तोट्यात गेला. नंतर पॅरामाउंटमध्ये सँड्रिच निर्माता-दिग्दर्शक झाला. तेथील जॅक बेनीचे विनोदपट आज फारसे कोणी पाहत नाही. ‘हॉलिडे इन’ (१९४२) मात्र टिकला. त्यात फक्त सणासुदीच्या दिवशी उघडणारे हॉटेल आहे, म्हणजे प्रत्येक सणाला एक गाणे ओघानेच आले. अर्व्हिंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे ऑस्करविजेते गीत यातलेच. बिंग क्रॉस्बीने ते गायिले. बटानच्या लढाईतील परिचारिकांवरचा ‘सो प्राउडली वी हेल!’ (१९४३) हा गंभीर युद्धपटही त्याच्या नावावर आहे.

‘ब्लू स्काइज’ची तयारी चालू असताना हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला; तो चित्रपट स्ट्युअर्ट हाइस्लरने पुरा केला. मार्क (धाकटा) व जे हे त्याचे दोन्ही मुलगे दिग्दर्शक झाले. जेने दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत नाव मिळवले.